सहाव्या टेबलावरच्या अकराशे बारा ओळी

गुलाबांच्या मळ्यात बारा वर्षं गुच्छ बांधलेल्या नार्सिसा फारिनांगोने ९ मार्चच्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला, तो डाव्या हाताने. उजव्या मनगटाला पट्टा होता. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने जानेवारीतच तिला सांगून टाकलं होतं की मनगटातली नस दाबली गेली आहे, टेबलावर फार तर वर्षभर उभं राहता येईल, तोवर दुसरं काम बघ.

कायाम्बेत दुसरं काम म्हणजे दुसरा मळा, आणि तिथेही मनगटच लागतं. त्यामुळे प्रेमदिनाच्या फुलांचा फेब्रुवारीचा हंगाम उरकल्यावर फलकावर एका वर्गाचा कागद लागला तेव्हा नार्सिसाने पहिल्याच दिवशी नाव दिलं. पाच शनिवार, वर्ग मोफत. कंपनीत रोज जमा होणारी माहिती कशी तपासायची आणि तिचे आलेख कसे काढायचे ते एका सॉफ्टवेअरवर शिकवणार होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वर्गात पहिल्या येणाऱ्याचा नियोजन कार्यालयातल्या रिकाम्या जागेसाठी विचार होईल. नियोजन कार्यालय म्हणजे पॅकिंग हॉलच्या वरची काचेची खोली. तिथे बसून काम करतात.

वर्गात आठ जण होते, त्यांत बायका दोनच. शिकवायला राजधानीहून, कीतोहून, फाउस्तो विय्याक्रेसेस येत असे, वय तीसेक. इंजिनिअरला आमच्याकडे इन्हे म्हणतात, तसं त्यालाही सगळे इन्हेच म्हणत. येताना तो स्टेशनजवळच्या दुकानातून खारी बिस्किटं घेऊन यायचा. ते दुकान कीतोच्या लोकांसाठीच आहे, गावातलं कुणी तिथून घेत नाही, हे त्याला पाचही शनिवार कुणी सांगितलं नाही. माणूस बरा होता. पहिल्या दिवशी सुरुवातीला त्याने कॉम्प्युटर बंदच ठेवायला लावले. नाकारलेल्या गुलाबांची एक बादली आणवली आणि देठांच्या लांबीप्रमाणे फुलं जमिनीवर ओळीने मांडायला सांगितली. साठ सेंटिमीटरची ओळ सगळ्यांत लांब झाली. हा तुमचा पहिला आलेख, तो म्हणाला. नार्सिसाला ते चटकन कळलं. बारा वर्षं ती हेच करत आली होती.

सोमवारी टेबलावर चिडवाचिडवी सुरू झाली.

"काय गं कोमाद्रे, कॉम्प्युटरमधल्या गुलाबाला वास येतो का?" तार्हेलियाने विचारलं.

"अजून नाही. तो धडा पुढच्या शनिवारी आहे."

तार्हेलिया इम्बागो सहाव्या टेबलाची म्होरकी. तिच्या धाकट्या मुलीची नार्सिसा धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. टेबलावर सहा बायका उभ्या असायच्या. प्रत्येकीपुढे एका वेळी एकाच जातीचं फूल. पंचवीस देठांचा गुच्छ बांधायचा, पुठ्ठा गुंडाळायचा, त्यावर आपल्या नंबराचं स्टिकर लावायचं आणि सरकत्या पट्ट्यावर सोडायचा. पट्ट्याच्या टोकाला स्कॅनर. नंबर, वेळ, फुलाचा रंग आणि लांबी तिथे नोंदली जायची. तासाला बावीस गुच्छ भरले पाहिजेत असा नियम होता. लागोपाठ तीन आठवडे सरासरी त्याच्या खाली गेली की कामावरून काढल्याचं पत्र.

वर डोंगरातल्या गावांत एकाची पेरणी असली की शेजारी त्याच्या शेतात राबतात, मग तो त्यांच्या शेतात राबतो. त्याला उसना हात म्हणतात. या हॉलमध्ये तीच रीत स्टिकरवर चालायची. जिला दिवस गेलेत, जिचा हात दुखतो, ती सकाळी आपल्या स्टिकरची एक पट्टी शेजारणीच्या कात्रीखाली सरकवून ठेवी. दुपारनंतर शेजारणी आपल्या गुच्छांतले काही तिच्या नंबरावर सोडत. कोण किती देतं याची बोलणी होत नसत. गेल्या ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत सहाव्या टेबलाने असेच नार्सिसाचे गुच्छ भरले होते. जानेवारीत ती थोडी सावरली आणि पट्टी दोन्या एर्मेलिंदाकडे गेली.

एर्मेलिंदा कोयागोचं वय एकोणसाठ, म्हणून सगळ्या तिला मानाने दोन्या म्हणत. निवृत्तिवेतनासाठी विम्याचे हप्ते भरायचे तिचे चौदा महिने उरले होते. सकाळी ती कुणाला हार जात नसे. दुपारी दोननंतर मात्र तासाला चौदा-पंधराच्या वर तिचे गुच्छ होत नसत. चौदा महिने तिला असं ओढून न्यायचं हे टेबलावर ठरलेलं होतं, म्हणजे कुणीही न बोलता ठरलेलं होतं.

दुसऱ्या शनिवारी, १६ मार्चला, इन्हेने प्रत्येकाला आपापल्या विभागाची खरी माहिती दिली. नार्सिसाला सहाव्या टेबलाच्या चौतीस हजारांवर ओळी मिळाल्या, १५ जानेवारी ते १० फेब्रुवारी, ऐन हंगामातल्या. नंबरांच्या जागी त्याने अक्षरं घातली होती. कुठलं अक्षर कुणाचं ते फक्त माझ्याकडे आहे, त्याने सांगितलं, आणि तुमच्या फायली या खोलीबाहेर जाणार नाहीत. त्याने तसा शब्द दिला. आठही जणांनी ऐकला.

ओळी वेळेप्रमाणे लावायच्या आणि एक अक्षर निवडून बघायचं, एवढाच त्या दिवशीचा पाठ होता. नार्सिसाने सहज F निवडलं. लाल, लाल, लाल, पांढरा, लाल. नऊ सेकंदांच्या अंतराने दोन गुच्छ. पुन्हा लाल, लाल, पांढरा. हे सगळं दुपारी दोननंतर. कीतोच्या माणसाला त्यात काही दिसलं नसतं, त्याला वाटलं असतं बाईपुढे दोन रंगांची फुलं होती. नार्सिसाला ठाऊक होतं की त्या महिन्यात एर्मेलिंदापुढे फक्त लाल होता आणि समोरच्या चौघींपुढे पांढरा. F म्हणजे कोण हे तिला कळलं. पांढरे गुच्छ कुणाच्या हातचे तेही कळलं, त्यांतले काही तिच्याच हातचे होते. तिने यादी वर सरकवली आणि दुसरं अक्षर निवडलं. सोमवारी टेबलावर ती याबद्दल बोलली नाही.

तिसऱ्या शनिवारी प्रत्येकाने शेवटच्या सादरीकरणाचा विषय सांगायचा होता. नार्सिसाने बरेच दिवस मनात असलेलं सांगितलं. पांढऱ्या गुलाबाच्या पाकळीला बोट लागलं तरी डाग पडतो, म्हणून तो सावकाश बांधावा लागतो, आणि मोजणी मात्र सगळ्या रंगांना एकच. हे आकड्यांत दाखवता आलं तर पांढऱ्यासाठी वेगळा नियम मागता येईल. इन्हे खूश झाला. वर्गात हा एकच विषय मला माहीत नव्हता, तो म्हणाला.

मग पवित्र सप्ताह आला. शुक्रवारी, २९ मार्चला, तार्हेलियाकडे सहावं टेबल फानेस्का खायला जमलं. बारा कडधान्यं आणि खारवलेला मासा घातलेलं ते दाट सार करायला दोन दिवस लागतात. घेवडा सोलायला एर्मेलिंदा आदल्या दिवसापासून तिथे होती. नार्सिसा तिच्या शेजारी बसली. तार्हेलियाच्या नवऱ्याने विचारलं की वर्गात काय शिकवतात. नार्सिसाने फुलांच्या बादलीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. एर्मेलिंदाने विचारलं की खुर्ची मिळाली तर तू वरून आम्हाला हात करशील ना. नार्सिसा म्हणाली, रोज करेन. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. पाचही जणी तिथेच बसल्या होत्या.

६ एप्रिलला तिने पहिल्यांदा आपला आलेख पडद्यावर लावला. आडवे दिवसाचे तास, उभी गुच्छाला लागणारी मिनिटं, दोन रेषा. सकाळपासून पांढरी रेषा लालच्या बरीच वर चालत होती, अगदी नार्सिसाने म्हटल्याप्रमाणे. दुपारी दोनला ती एकदम कोसळत होती.

इन्हेने तिथे बोट ठेवलं. "दमलेल्या बायका दुपारी पांढरा गुलाब अर्ध्या वेळात बांधतात? हे काय आहे, बघ जरा."

बघते, असं ती म्हणाली. तो आठवडाभर संध्याकाळी सहा ते आठ ती वर्गाच्या खोलीत बसली. दोष विषयात नव्हता, उसन्या गुच्छांत होता. एर्मेलिंदाचा लाल गुच्छ गेला की नऊ सेकंदांत तिच्याच नंबरावर पांढरा जायचा, आणि यंत्र समजायचं की तो पांढरा नऊ सेकंदांत बांधला. नार्सिसाने ठरवलं की त्या ओळीच काढून टाकायच्या. रेषा सरळ होईल, विषय टिकेल, आणि एर्मेलिंदाच्या ओळी कुणाच्याही नजरेला पडणार नाहीत. अट लिहिणं सोपं नव्हतं. पहिल्या प्रयत्नात खरे गुच्छही गेले, दुसऱ्यात उसने राहून गेले. तिसऱ्यात जमलं: अक्षर F, वेळ दोननंतर, रंग मागच्या ओळीपेक्षा वेगळा, अंतर वीस सेकंदांच्या आत. अकराशे बारा ओळी गेल्या. तिने पुन्हा आलेख काढला. पांढरी रेषा दिवसभर वर राहिली आणि संध्याकाळी आणखी चढली, दमलेल्या हातांची चढते तशी. नार्सिसाला त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटायला हरकत नव्हती. वर्गात अशी अट दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती.

पण हे सॉफ्टवेअर काही विसरत नाही. तुम्ही काढलेल्या ओळी आलेखात दिसत नाहीत, पण त्या काढण्याची पायरी फायलीत उजवीकडच्या यादीत राहते, अटीसकट. ती यादी उघडून पायरी उलटी फिरवली की नेमक्या तेवढ्याच ओळी समोर येतात. इन्हेने हे तिसऱ्या शनिवारी शिकवलं होतं. नार्सिसाला ते आठवत होतं, आणि फायली या खोलीबाहेर जाणार नाहीत हेही आठवत होतं.

१३ एप्रिलच्या सादरीकरणाला व्यवस्थापक येऊन बसले. नार्सिसा पहिली आली. टाळ्या झाल्या. पांढऱ्यासाठी वेगळा नियम करण्याचा विचार होईल, असं व्यवस्थापक म्हणाले. बसमधून परत येताना नार्सिसाने तार्हेलियाला फोन केला आणि तार्हेलियाने फोनवरच शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं की माझी कोमाद्रे साहेबीण झाली.

पांढऱ्यासाठी नियम झाला नाही. बुधवारी, १७ एप्रिलला, सकाळी नऊ वाजता एर्मेलिंदाला कार्यालयात बोलावलं. अर्ध्या तासाने ती खाली आली, ॲप्रन काढला, घडी केली आणि आपल्या जागेवर ठेवला. तिने स्वखुशीने काम सोडत असल्याच्या कागदावर सही केली होती. दुसरा पर्याय म्हणून तिच्यापुढे फसवणुकीचा कागद ठेवला होता. टेबलाला लेखी ताकीद मिळाली, ताकिदीसोबत तीन पानांचा अहवाल. दुसऱ्या पानावर F च्या जागी एर्मेलिंदाचं पूर्ण नाव, आणि खाली: दुसऱ्या कामगारांनी तिच्या नावावर सोडलेले गुच्छ, एक हजार एकशे बारा. पहिल्या पानावर, मधोमध: विश्लेषण, नार्सिसा फारिनांगो.

कपडे बदलायच्या खोलीत तार्हेलिया अहवाल हातात घेऊन उभी होती. बाकीच्या जणी बुटांच्या नाड्या बांधत होत्या आणि बांधून झाल्या तरी वाकून राहिल्या होत्या.

"अकराशे बारा," तार्हेलिया म्हणाली. "आम्ही कधी मोजले नव्हते. तुझे ऑक्टोबरचेसुद्धा मोजले नव्हते."

नार्सिसाने सांगितलं की तिने त्या ओळी लपवल्या होत्या, काढून टाकल्या होत्या, इन्हेने शब्द दिला होता. तार्हेलियाने ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याला शोधावं लागू नये म्हणून तूच वेगळ्या काढून ठेवल्यास," ती म्हणाली आणि अहवाल नार्सिसाच्या कपाटावर ठेवून निघून गेली.

इन्हे त्या दिवशी मळ्यावरच होता. नार्सिसाने त्याला वाहनतळावर गाठलं. तो घाबरला नाही, लाजलाही नाही. ती आभार मानायला आली आहे असं त्याला वाटलं असावं, कारण तो आधी हसला. मग तिने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी फायली तपासताना तिची अट त्याने वाचली. इतकी नेमकी अट कुणी उगाच लिहीत नाही, म्हणून पायरी उलटी फिरवली. व्यवस्थापकांनी पांढऱ्या गुलाबाबद्दल ऐकलं आणि विचारलं की याचा कंपनीला काय उपयोग. त्याला काहीतरी दाखवायचं होतं. वर्ग पुढे चालू राहायचा तर उपयोग दाखवावाच लागतो.

"तुम्ही शब्द दिला होता, इन्हे. अक्षरं तुमच्याकडेच राहणार होती."

"नार्सिसा, हे मी शोधलेलं नाही, तू शोधलंस," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी वर स्वतःचं नाव टाकलं असतं. मी तुझं टाकलं. ती खुर्ची तुला त्या पांढऱ्या रेषेवर मिळाली नसती, एवढं तरी समजून घे."

ती खुर्ची तिला मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. त्याने नेमणुकीचे कागद गाडीच्या टपावर ठेवूनच तिला दिले, आणि कीतोला पोचायला उशीर होतोय म्हणून निघाला.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार नार्सिसा टेबलावर उभी राहिली. कुणी तिला टाकून बोललं नाही. कात्री मागितली की मिळायची, दोरा मागितला की मिळायचा. शुक्रवारी तीन वाजता तिची बोटं सुन्न झाली आणि पुठ्ठा हातातून सुटून पडला. शेजारणीने तो उचलून तिच्यापुढे ठेवला आणि आपल्या कामाला लागली. त्या तासात नार्सिसाचे तेरा गुच्छ झाले.

रविवारी ती बसने वर आयोराला, एर्मेलिंदाच्या गावी गेली. पिशवीत पाव आणि गुळाच्या दोन ढेपा होत्या. खुर्ची नाकारणार असं सांगायचं तिने ठरवलं होतं, आणि ते सर्वांत आधी एर्मेलिंदाला सांगायचं होतं. एर्मेलिंदा अंगणात बाकावर बसून मका सोलत होती. तिने नार्सिसाला बसायला सांगितलं, पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली, बाहेर आली.

नार्सिसाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. इन्हेचा शब्द, पांढरी रेषा, अट, उजवीकडची यादी. एर्मेलिंदाने कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता, पण ती मधेमधे नेमके प्रश्न विचारत होती. त्या ओळींत मला ओळखलंस कशावरून? लालमधल्या पांढऱ्यावरून, नार्सिसा म्हणाली. एर्मेलिंदाने मान हलवली, जणू आपण असतो तर आपणही तसंच ओळखलं असतं.

"आणि हे तुला कधी दिसलं?"

"सोळा मार्चला. दुसऱ्या शनिवारी."

एर्मेलिंदाच्या हातातलं कणीस थांबलं. "म्हणजे फानेस्काच्या आधी."

"हो, दोन्या."

"तू माझ्याच शेजारी बसली होतीस."

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी म्हटलं असतं, पांढऱ्याचं राहू दे, लालचं काहीतरी कर."

नार्सिसाने खरं ते सांगितलं. "लालमध्ये काही निघत नव्हतं. लालवर पहिला नंबर आला नसता."

एर्मेलिंदाने पुन्हा मका सोलायला घेतला. खालच्या रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, कुत्री तिच्यामागे धावली आणि परत आली.

"त्या पोराने शब्द मोडला," शेवटी एर्मेलिंदा म्हणाली. "पण त्याचं मला काही वाटत नाही. तो माझा कोण? महिन्याभरात माझं नावही विसरेल."

नार्सिसाने तेव्हा सांगितलं की ती खुर्ची घेणार नाही, उद्याच जाऊन कळवणार आहे.

"घे," एर्मेलिंदा म्हणाली. "तू सोडलीस म्हणून मला कुणी परत बोलावणार आहे का? तुझा हात गेलाय, आणि तुझे गुच्छ आता कुणी भरणार नाही. खुर्ची घे, पोरांना जेवू घाल. फक्त मला सांगायला येऊ नकोस की माझ्यासाठी काय सोडणार होतीस."

ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पाव आणि गूळ तिने ठेवून घेतले होते, दारी आलेलं अन्न इथे कुणी नाकारत नाही. पण पाहुण्याची पिशवीही इथे कुणी रिकामी परत देत नाही, दोन बटाटे का होईना, घालतातच. एर्मेलिंदाने पिशवी झटकली, बाकावर पसरून चार घड्या केल्या आणि नार्सिसाच्या डाव्या हातात दिली. परतीची बस पाच वाजता आहे, ती म्हणाली, आता निघालीस तर मिळेल.